कुंडी विकत न घेता गॅलरीतली भाजी

काल शेजारच्या काकूंनी विचारलं, "गॅलरीत भाजी लावायची तर किती खर्च येतो गं?" उत्तर इथेच सविस्तर देते, बऱ्याच जणांना उपयोगी पडेल.

🌱 कुंडी: तेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन आडवा ठेवून वरची बाजू कापा. तळाला भोकं हवीतच. पाणी साचलं की मुळं कुजतात.

🌱 माती: पैसे खर्च करायचे तर इथे करा. माती, कोकोपीट आणि गांडूळखत सारख्या प्रमाणात मिसळा. नुसती माती पाणी घालून घालून दगडासारखी घट्ट होते.

🌱 बी: ते डब्यातच आहे! मेथीदाणे रात्रभर भिजवून पेरले की ३-४ दिवसांत उगवतात, महिन्याभरात भाजी मिळते. धण्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात, म्हणून लाटण्याने हलकेच रगडून दोन्ही दळं सुटी करा. कोथिंबीर उगवायला ८-१० दिवस लागतात, तेवढा धीर धरा. पुदिन्याच्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठवड्याभरात मुळं फुटतात.

🌱 ऊन: पालेभाज्यांना ४ तास पुरतं. टोमॅटो-मिरचीला ६ तास ऊन आणि १०-१२ इंच खोल कुंडी लागते, त्यामुळे ती पुढची पायरी.

🌱 पाणी: रोज ठरवून घालू नका. मातीत बोट खुपसा, पेरभर कोरडं लागलं तरच घाला.

तुमच्या गॅलरीत ऊन कधी आणि किती वेळ येतं ते कमेंटमध्ये लिहा, काय लावायचं ते नक्की सांगते.