कॅलिफोर्नियात प्लंबिंगचा धंदा विकत घेताना

कॅलिफोर्नियात प्लंबिंगचा किंवा वायरिंगचा चालता धंदा विकायला निघाला की व्हॅन, हत्यारं, बांधलेली गिऱ्हाइकं, बाजारातलं नाव या सगळ्याची किंमत लावली जाते. परवानाही त्यातच आला, असं घेणारा गृहीत धरतो आणि तिथेच फसतो. मजुरी आणि सामान मिळून १,००० डॉलर किंवा त्याहून मोठं काम करायला तिथे राज्याच्या मंडळाचा परवाना लागतो (२०२४ अखेरपर्यंत ही मर्यादा ५०० डॉलर होती). धंदा एकट्या मालकाचा असेल तर परवानाही त्याचाच. तो विकता येत नाही. कंपनीचे शेअर घेतले तर क्रमांक कंपनीकडेच राहतो. मात्र त्या क्रमांकामागे कसब सिद्ध केलेली एक पात्र व्यक्ती नोंदलेली असते आणि छोट्या कंपनीत ती बहुतेकदा विकणारा स्वतःच असतो. तो बाहेर पडला की ९० दिवसांत दुसरी पात्र व्यक्ती नेमावी लागते, नाहीतर परवाना निलंबित होतो. नव्या माणसाकडे सहसा गेल्या दहा वर्षांतला चार वर्षांचा कारागिरीचा अनुभव हवा. बे एरियातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून या धंद्यात शिरणाऱ्या मराठी माणसाकडे भांडवल असेल, हा अनुभव कुठून येणार? म्हणून किमतीची घासाघीस करण्याआधी पात्र व्यक्ती कोण, हे ठरलं पाहिजे. विकणाऱ्याला ठरावीक काळ खरोखर कामावर ठेवावं आणि नवी नेमणूक मंजूर होईपर्यंत रकमेचा काही भाग रोखून धरावा.

काम चोख असताना कागदासाठी एवढी सक्ती कशाला, असं कुणी म्हणेल. शिक्षा कठोर आहे, हे खरंच. विनापरवाना कंत्राटदाराला थकलेल्या बिलासाठी दावा लावता येत नाही, उलट घेतलेले पैसेही परत मागितले जाऊ शकतात. पाम स्प्रिंग्जच्या जलक्रीडा उद्यानात कृत्रिम लाटांची यंत्रणा बसवणाऱ्या हायड्रोटेक कंपनीकडे परवाना नव्हता. समोरच्यांनी पैसे देण्याचं खोटं आश्वासन दिलं, अशी तिची तक्रार होती. तरी १९९१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला दाद दिली नाही. पण भिंतीआडची वायर किंवा गॅसची नळी नीट बसली आहे का, हे घरमालकाला दिसत नाही. त्याच्यासाठी आधीची पारख मंडळालाच करावी लागते, आणि बिल बुडण्याची भीती नसेल तर त्या पारखीला कोण जुमानेल?

मालकाने स्वतः पाना हातात घ्यायला हवा का, हा दुसरा आक्षेप. कायदाही तसं म्हणत नाही; पगारी माणूस पात्र व्यक्ती म्हणून चालतो. फक्त त्याने आठवड्याला किमान ३२ तास किंवा धंद्याच्या वेळेच्या ८० टक्के वेळ प्रत्यक्ष काम पाहिलं पाहिजे. नुसतं नाव भाड्याने घेण्याची वाट इथे बंद होते. शिवाय हा माणूस नोकरी सोडून गेला तर तेच ९० दिवस पुन्हा सुरू होतात. तेव्हा दुकानातल्या आणखी एखाद्या अनुभवी कारागिराला परीक्षेला बसवण्याचा खर्च घेणाऱ्याने पहिल्याच वर्षाच्या हिशेबात धरावा.