मांजराची मातीची पेटी

मांजर जात्याच स्वच्छ. घाण केली की ते मातीने झाकते. शहरातल्या बंद घरात त्याला माती कुठली? म्हणून पसरट पेटीत तीन बोटे वाळू घालावी. जागा शांत असावी, त्याच्या खाण्यापासून लांब.

ही घाण रोज काढा. मांजराच्या विष्ठेत कधी कधी टॉक्सोप्लाझ्मा नावाचे जंतू असतात. ताज्या घाणीतले लागत नाहीत. एक ते पाच दिवसांत ते जोर धरतात. पोटातल्या बाळाला त्यांचा धोका असतो. तेव्हा पोटुशी बाईने हे काम करू नये, घरच्या पुरुषाने करावे. त्यात कमीपणा कसला?

आता आपोआप साफ होणारी विजेची पेटीही मिळते. काहींत दाताळे फिरते, काहींत पेटीच फिरते. आम्हाला विचाराल तर साधी पेटी पुरते. पण घ्यायचीच, तर मांजर आत शिरताच थांबणारी घ्या. पिल्लू हलके असते, ते यंत्राला कळेलच असे नाही. ते मोठे होईतो यंत्र बंद ठेवा.

आणि यंत्र असले तरी मांजरावर नजर असू द्या. बोका पुन्हा पुन्हा पेटीत बसतो, कुंथतो, पण लघवी होत नाही, असे दिसले तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. एक-दोन दिवसांत त्याचा जीव जाऊ शकतो.