‘आर्वो’त भेटू, येताना ‘प्लेट’ आण!

मुलं शिकायला मेलबर्न-सिडनीला निघाली की आयईएलटीएसचे गुण पाहून घरचे निर्धास्त होतात. इंग्रजी तर येतंच! पण तिथे ‘आर्वोला सर्वोपाशी भेट’ असा निरोप आला की चांगले गुण मिळवलेलं मूलही बुचकळ्यात पडतं. आर्वो म्हणजे आफ्टरनून, दुपार. सर्वो म्हणजे सर्व्हिस स्टेशन, पेट्रोल पंप.

शब्द अर्ध्यात तोडायचा आणि शेपटीला ‘ओ’ नाहीतर ‘ई’ जोडायची, ही तिथली सवय. ब्रेकफास्टचं ब्रेकी, मॉस्किटोचं मॉझी, सनग्लासेसचं सनीज. कामकऱ्यांनाही हाच नियम: सुतार चिप्पी, इलेक्ट्रिशियन स्पार्की, कचरा उचलणारा गार्बो. मॅकडोनाल्ड्सला सगळे ‘मॅकाझ’ म्हणतात, आणि २०१३मध्ये कंपनीने काही दुकानांवर तशा पाट्याच लावल्या. ‘सेल्फी’ही याच घडणीचा. त्याचा सर्वांत जुना ज्ञात लेखी वापर २००२ सालचा, ऑस्ट्रेलियातला. २०२२मध्ये पंतप्रधान झालेले अँथनी अल्बनीझी लोकांसाठी ‘अल्बो’ आहेत. कचरा उचलणारा आणि पंतप्रधान यांची नावं एकाच रीतीने घडवणारी ही बोली मला म्हणूनच फार आवडते.

असे शब्द दोन-चार आठवड्यांत कळतात. खरी फसगत होते ती ओळखीच्या शब्दांत. पार्टीच्या आमंत्रणात ‘ब्रिंग अ प्लेट’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ सगळ्यांना वाढता येईल असा एखादा पदार्थ घेऊन या. रिकामी ताटली घेऊन गेलेल्या परदेशी पाहुण्यांचे किस्से तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जातात. दुसरा शब्द ‘शाउट’. ‘माय शाउट’ म्हणजे या खेपेचे पैसे माझे. १८५०च्या दशकात, व्हिक्टोरियात सोन्यासाठी झुंबड उडाली होती तेव्हापासून हा शब्द दारूच्या गुत्त्यांत रुळलेला आहे. चौघं बसली तर प्रत्येकाने आळीपाळीने सगळ्यांसाठी घ्यायचं. आपली पाळी आली की काढता पाय घेणाऱ्याला तिथे सहजी माफी नसते. बिअर न पिणाऱ्यानेही निर्धास्तपणे लिंबूपाणी मागावं, पण आपली पाळी चुकवू नये.

बोलण्याचा सूर मुद्दाम खालच्या पट्टीतला. कामाला साहेब ‘नॉट बॅड’ म्हणाले तर ते बहुधा कौतुकच असतं. ‘येह, नाह’ म्हणजे नाही, ‘नाह, येह’ म्हणजे हो. शेवटचा शब्द धरायचा. ‘क्रूक’ म्हणजे चोर असं आपण शिकलेलो, पण तिथे ‘आय फील क्रूक’ म्हणणारा आजारी असतो. आणि थाँग्ज म्हणजे साध्या रबरी चपला!

ही बोली घडली कशी? १७८८मध्ये इंग्लंडहून कैद्यांची जहाजं सिडनीला लागली आणि त्यांच्याबरोबर लंडनच्या चोरांची भाषाही उतरली. जेम्स हार्डी व्हॉक्स नावाच्या कैद्याने १८१२मध्ये तिचा कोशच रचला. चोरांचा ‘स्वॅग’ म्हणजे लुटीचा माल. पुढे रानोमाळ भटकणाऱ्या मजुराची वळकटी स्वॅग झाली. मात्र सगळं इंग्लंडहून आलेलं नाही. ‘हार्ड यॅका’, म्हणजे अंगमेहनत, यातला यॅका ब्रिस्बेन परिसरातल्या यगारा भाषेचा. लांबून हाक मारण्याचा ‘कूई’ सिडनीच्या मूळ रहिवाशांचा. ज्या भाषांतून असे शब्द घेतले, त्यांतल्या अनेक भाषा वसाहतीच्या काळात दडपल्या गेल्या. ऑस्ट्रेलियन बोलीच्या गमतीदार याद्या छापताना हे सहसा सांगितलं जात नाही. ते सांगायलाच हवं.

नव्याने जाणाऱ्याने ‘फेअर डिंकम’ (म्हणजे अगदी खरं, अस्सल) यासारखे शब्द उगाच तोंडात घोळवू नयेत. कळले तरी पुरेत, आणि ऐकणाऱ्यालाही तो ओढूनताणून आणलेला सूर लगेच जाणवतो. ‘नो वरीज’ मात्र पहिल्या दिवसापासून खुशाल म्हणावं. कुणी आभार मानले, माफी मागितली, काम सांगितलं, तरी तिन्ही वेळा हेच उत्तर चालतं.