शेवटी जेवणाऱ्या

नोकरीला वीस वर्षे पूर्ण झाली तेव्हा, म्हणजे डिसेंबर २०१९ मध्ये, मी एक हट्ट केला. आई आणि अत्ती (म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्या घरी हाच कानडी शब्द रुळला आहे) या दोघींना एकदा तरी मोठ्या हॉटेलात निवांत बसवून जेवू घालायचे. आई पेडण्याकडची, केरीची. अत्ती बैलहोंगलच्या, पक्क्या शाकाहारी. दोघींचे एकमत फारसे होत नाही, पण "हॉटेलात पैसे कशाला घालवायचे?" यावर मात्र झाले.

मी ऐकले नाही. पहाटे बेळगावहून निघालो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट उतरला की पहिले मोठे गाव लागते तेही केरीच, पण सत्तरीतली. "ही नव्हे आमची केरी," असे आई दर वेळी सांगते, तसे याही वेळी तिने सांगितले. पुढे साखळी, डिचोली. एके काळी या रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांची रांग संपत नसे. मार्च २०१८ पासून खाणी बंद पडल्या होत्या. लाल धूळ नव्हती आणि रस्त्याकडेच्या चहाच्या टपऱ्यांवर गिऱ्हाईकही नव्हते. कोलवाळचा पूल ओलांडून पेडण्यात शिरलो, हरमल मागे टाकले आणि आईच्या केरीला फेरीबोटीत गाडी चढवली.

पलीकडे तेरेखोल. गोव्याचा हा तुकडा नदीच्या उत्तर काठावर आहे. किल्ल्यातून जमिनीवरून बाहेर पडावे, तर समोर रेडी, म्हणजे महाराष्ट्र! आपल्यासारख्या सीमाभागातल्या माणसांना अशा जागेचे नवल वाटत नाही, आपुलकीच वाटते. सावंतवाडीच्या खेम सावंत भोसल्यांनी सतराव्या शतकात बांधलेला हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. आतल्या चौकात सेंट अँथनीचे चर्च आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने सत्याग्रह करून येथे तिरंगा लावला होता. पुढे मुक्तीनंतर किल्ल्यात हॉटेल झाले. खोल्या सात, आणि त्यांना नावे सात वारांची.

आईचे सारे बालपण हा किल्ला समोरच्या काठावरून पाहण्यात गेले. "आत पाखले असत. आम्ही पोरांनी तिकडे बोटसुद्धा दाखवायचे नाही," ती सांगत होती. गोवा मुक्त झाला तेव्हा ती अकरा वर्षांची. नंतर लग्न होऊन बेळगावला आली, आणि किल्ला समोरचाच राहिला. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी ती दरवाजातून आत शिरली आणि पहिल्यांदा पदर सारखा केला.

टेबल समुद्राच्या बाजूला होते. आईने मेनूकार्ड उघडले, उजवीकडचे आकडे वाचले आणि ते उपडे ठेवून दिले. "एवढ्यात आपला महिन्याचा बाजार येतो." मग मीच मागवले. आमच्यासाठी विसवणाचे हुमण, उकडा भात, सोलकढी आणि चिकन काफ्रियल. अत्तींसाठी आळसांद्यांचे तोणाक आणि पाव.

आळसांदे पाहताच अत्तींचा चेहरा उजळला. "ही तर आमची अलसंदी!" एवढी मोठी चवळी त्यांनी पाहिली नव्हती, पण नाव घरचेच निघाले. मग मसाल्यावर दोघी विहिणींची जुगलबंदी सुरू झाली. अत्ती ब्याडगीच्या बाजूने, आई हरमलच्या मिरचीच्या. (या हरमल मिरचीला पुढे २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.) मिरची मुळात अमेरिकेतली, ती पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणली, असे मी मास्तरकीच्या सवयीने सांगून पाहिले. दोघींनीही ते मनावर घेतले नाही.

हुमणाचा पहिला घास घेऊन आई गप्प झाली. चव तिच्या आईच्या हातची होती का? "नाही," ती म्हणाली, "पण गरम आहे." मला आधी कळले नाही. मग लक्षात आले, मी तिला गरम कढी-भात खाताना कधी पाहिलेच नव्हते. आधी बाबा, मग आम्ही भावंडे, मग कोणी आले-गेले. भांड्याच्या तळाशी उरेल ते निवलेले तिचे. अत्तींचेही तेच. चाळीस-पंचेचाळीस वर्षे दोघींनी हात वाढता ठेवला. आज कोणी "भाकरी आण" म्हणत नव्हते, की कोणाचा तांब्या रिकामा होत नव्हता. दोनदा मात्र सवयीने अत्ती उठू लागल्या, आणि दोनदा वाढणाऱ्या मुलाने हसून त्यांना बसवले.

शेवटी बिबिंका आली. थरांवर थर असलेला हा गोड पदार्थ पाहून अत्तींनी मला कानडीत विचारले, यात काय असते गं? माझ्याआधी त्या मुलानेच उत्तर दिले, "तत्ती ऐतरी, अव्वा. निमग ब्याड." अंडे आहे, तुम्हाला नको! मुलगा निघाला बैलहोंगलकडचाच. मग काय, कुठले गाव, कोणाचा कोण, सारे झाले. आणि अत्तींनी आपल्याकडे प्रत्येकाला विचारतात तेच विचारले, "ऊटा आतेनप्पा?"

"इन्ना इल्लरी, अव्वा." अजून नाही. पाहुण्यांचे झाले की मग. कुठल्याही हॉटेलात असेच असते, तो सहज म्हणाला.

घड्याळात सव्वातीन वाजले होते. इतर टेबले रिकामी झाली होती. समुद्र समोर होता, यजमानांची कॉफी यायची होती, आणि मला तर संध्याकाळपर्यंत तिथेच बसायचे होते. पण आईने अत्तींकडे पाहिले, अत्तींनी आईकडे, आणि दोघी एकदम उठल्या. "चला," आई म्हणाली, "पोराला जेवायचे आहे."

एकमत होण्याची त्या दिवसातली ही दुसरी वेळ.

बिल झाले सात हजार चारशे. १९९९ मध्ये तासिका तत्त्वावर लागले तेव्हा मला महिन्याला तीन हजार मिळत. आकडा आईला सांगितला नाही; तिनेही विचारला नाही. फेरीबोटीत ती मागे वळून किल्ल्याकडे पाहत राहिली. "चांगले बसून जेवलो," एवढेच म्हणाली.

पुढच्या रविवारी घरी पोळ्या लाटताना माझ्या ध्यानात आले, की अत्तींच्या पंगतीत आता मी बसते. यजमान आणि मुलगा जेवून उठले होते आणि माझी आमटी निवली होती. वर्गात मी मुलींना काय काय शिकवते, आणि घरी? त्या दिवसापासून पातेली टेबलावर आणली. ज्याने त्याने वाढून घ्यायचे, सगळ्यांनी एकदम बसायचे. सुरुवातीला अत्तींना अवघडल्यासारखे झाले. मग त्याच हाका मारू लागल्या.

२०२१ मध्ये अत्ती गेल्या. पण रविवारी ताटे मांडून झाली, की मुलगा अजून त्यांच्याच सुरात स्वयंपाकघराकडे हाक मारतो, "ऊटक्क बर्री!" मग मी गॅस बंद करते आणि जाऊन बसते.