देव रागावलाय का गं आई?

रात्रीची कौटुंबिक प्रार्थना आमच्याकडे सहसा चुकत नाही. आमच्या नवापूर भागातल्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत हीच पद्धत. जेवणं आटोपली की सगळे चटईवर बसायचे, एकाने पवित्र शास्त्रातला भाग वाचायचा, एखादं गीत, मग प्रार्थना. लहानगीसुद्धा एक डोळा किलकिला ठेवून ‘आमेन’ म्हणतात. मला वाटायचं, झालं आपलं काम! मुलांना देव कळला.

माझी धाकटी सात वर्षांची असतानाची गोष्ट. दोन-तीन रात्री ती दचकून उठत होती. शेवटी जवळ घेतलं तेव्हा हुंदके देत म्हणाली, “आई, चिंचा आम्ही दोघांनी चोरल्या होत्या. मग देवाने त्यालाच का शिक्षा केली? माझी कधी करणार?”

‘तो’ म्हणजे शेजारचा तिचा सवंगडी. त्याला सिकलसेल आहे. त्या आठवड्यात हातपाय इतके दुखायला लागले की दवाखान्यात ठेवावं लागलं. आणि चिंचांची चोरी कळली तेव्हा मीच दोघांना दरडावलं होतं, “देव वरून सगळं बघतोय. शिक्षा केल्याशिवाय राहणार नाही!”

मैत्रिणींनो, मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण पाड्यापाड्यांवर जाऊन मी आयांना उलटंच सांगत असते. बाई, हा देवाचा कोप नाही, कुणाची करणी नाही, तुझं पापही नाही. हा आजार आई-वडिलांकडून रक्तातून येतो. दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. लग्नाआधी रक्त तपासून घ्या. लेकराला भरपूर पाणी पाजा, डॉक्टरांच्या गोळ्या चुकवू नका. बाहेर एवढं शहाणपण, आणि घरात मात्र धाक दाखवायला देवालाच काठी केलं!

मुलांना देव कसा शिकवायचा, हा प्रश्न आजचा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे लेकीसह बाप्तिस्मा घेतला. मनोरमा तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची. पुढे तिला धर्माचं काय आणि कसं शिकवायचं, यावरून रमाबाई आणि त्यांना आधार देणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांच्यात पत्रांतून चांगलीच खडाजंगी झाली. उपकाराखाली असूनही रमाबाईंनी आई म्हणून आपला हक्क सोडला नाही. आपण मात्र हे काम सरळ शब्बाथशाळेवर नाहीतर पाळकसाहेबांवर सोपवून मोकळ्या होतो.

खरं तर पोर पहिला देव बघतं ते आपल्यात. आपण देवाला ‘पिता’ म्हणायला शिकवतो. पण ज्या घरात बाप रोज पिऊन येतो आणि हात उगारतो, तिथल्या पोराला ‘पिता’ म्हटल्यावर काय आठवत असेल? आणि ज्या घरात आई चूक झाल्यावर रागावते, पण रात्री पांघरूणही घालते, तिथे ‘क्षमा’ वेगळी शिकवावी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मी योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढला. जन्मापासून आंधळा असलेला माणूस बघून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आई-बापाचं? येशू सांगतो, दोघांचंही नाही. आणि मग त्या माणसाला बरं करतो. धाकटी दोन्ही डोळे उघडे ठेवून ऐकत होती. “म्हणजे देव त्याच्यावर रागावला नाही?” “नाही गं. आणि तुझ्यावरही नाही. आईच चुकीचं बोलली.” पोरीसमोर चूक कबूल करायला जड गेलं, पण त्या रात्री ती शांत झोपली.

रविवारी उपासनेनंतर आम्ही दवाखान्यात गेलो. तिने स्वतःहून त्याच्यासाठी प्रार्थना केली, दोनच वाक्यांची. मग बराच वेळ त्याचे पाय चेपत बसली.

चिंचा ती अजूनही पाडते. मी रागावते, पण आता मीच रागावते, देवाला मध्ये आणत नाही.