स्कूबा डायव्हिंगमधील अपघात : कायदेशीर दायित्व व विमासंरक्षण
(विशेष संदर्भ : सातारा व सांगली जिल्ह्यांतील पर्यटक)

प्रस्तावना :
सातारा व सांगली या जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. तथापि सुट्ट्यांमध्ये येथील कुटुंबे व महाविद्यालयीन सहली घाट उतरून मालवण-तारकर्लीस जातात आणि स्कूबा डायव्हिंग हा आता अशा प्रवासाचा नेहमीचा भाग झाला आहे. २४ मे २०२२ रोजी तारकर्ली येथे स्कूबा डायव्हिंगहून परतणाऱ्या पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला. अशा दुर्घटनेनंतर दायित्व कोणाचे आणि विमा कितपत उपयोगी पडतो, हे दोन प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतले आहेत. दायित्व दोषावरून ठरते, तर विमा कराराच्या शब्दांवरून. सामान्यतः या दोहोंची गल्लत केली जाते.

हमीपत्र व दायित्व :
पाण्यात उतरण्यापूर्वी पर्यटकाकडून 'सर्व जबाबदारी माझी' अशा आशयाच्या छापील कागदावर सही घेतली जाते. पुढे काही विपरीत घडल्यास सही केली असल्याने दाद मागता येणार नाही, असे नातेवाईक समजतात. हा समज चुकीचा आहे. सहीमुळे फार तर त्या क्रीडाप्रकारातील अंगभूत धोका मान्य केला, असे म्हणता येईल. सदोष श्वसनउपकरण, अप्रशिक्षित मार्गदर्शक किंवा दम्याविषयी साधी विचारपूसही न करणे हे त्यात येत नाही. असा निष्काळजीपणा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी ठरतो. एकतर्फी जाचक अटींविरुद्ध 'अनुचित करार' म्हणून राज्य आयोगाकडेही जाता येते.

केरळ पर्यटन विकास महामंडळाच्या कोवळम येथील हॉटेलच्या जलतरण तलावात एका पाहुण्याचा मृत्यू झाला होता. तेथील जीवरक्षकाकडे मद्यकक्षातील कामही सोपविलेले होते. राष्ट्रीय आयोगाने दिलेली ६२ लाख ५० हजार रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कायम केली. तलावाबाबत जर ही अपेक्षा, तर समुद्राबाबत ती कमी कशी असेल?

२०१९ च्या कायद्याने आणखी एक महत्त्वाची सोय केली आहे. तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. त्यामुळे मिरजेच्या कुटुंबास सिंधुदुर्गात खेटे घालण्याचे कारण नाही; सांगली येथे दाद मागता येते. मुदत मात्र २ वर्षांची आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याचा फौजदारी गुन्हा (भारतीय न्याय संहिता, कलम १०६) स्वतंत्रपणे चालतो. त्याच्या निकालासाठी ग्राहक तक्रार थांबवून ठेवू नये.

विम्याची बाजू :
आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवर्जनांत स्कूबा डायव्हिंगचा नावानिशी उल्लेख आहे. परंतु ते अपवर्जन 'व्यावसायिक म्हणून' भाग घेणाऱ्यापुरते आहे. हौसेने एकदा पाण्यात उतरलेल्या शिक्षकाचा उपचारखर्च केवळ या कलमाच्या आधारे नाकारणे योग्य ठरणार नाही. वैयक्तिक अपघात विम्याचे तसे नाही; तेथे अनेक पॉलिसींत साहसी क्रीडा सरसकट वगळलेल्या असतात, म्हणून पॉलिसीचे मूळ शब्द वाचणे अपरिहार्य होय.

येथे शवविच्छेदन अहवाल निर्णायक ठरतो. मृत्यू बुडून झाला असल्यास तो अपघात. पाण्यात असताना हृदयविकाराचा झटका आला असे नोंदले गेल्यास अपघात विम्याचा दावा अडचणीत येतो. श्वास रोखून वेगाने वर आल्यास अल्प खोलीवरूनही फुप्फुसास इजा होऊ शकते, आणि ती शोधावयाची हे तपासणाऱ्यास सांगावे लागते. सिलिंडर व श्वसनउपकरण पंचनाम्यात जप्त होणेही तितकेच आवश्यक आहे. ते धुऊन पुन्हा वापरात गेले की पुरावा संपला.

महाविद्यालयीन सहली :
१९९५ मध्ये डलहौसी पब्लिक स्कूल या शाळेच्या सहलीतील १४ विद्यार्थी बियास नदीत बुडाले. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये प्रत्येकी ५ लाख रुपयांची भरपाई कायम ठेवली व शिक्षकांच्या निष्काळजीपणाबद्दल संस्थेस जबाबदार धरले. पालकांचे संमतीपत्र फाईलमध्ये असल्याने महाविद्यालय सुटत नाही, हे त्यावरून दिसते. समूह विमा काढताना जलक्रीडेचा समावेश लेखी मागून घ्यावा, आणि तो मिळेपर्यंत स्कूबा डायव्हिंग सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत घालू नये.