मूत्राशयाचा कर्करोग आणि परळमधील शस्त्रक्रिया

मूत्राशय हा शब्द चारचौघांत उच्चारताना आपण आवाज खाली आणतो. हा संकोच पुष्कळांच्या जिवावर बेतला आहे, म्हणून आजचा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे.

या रोगाचे कामगारांशी नाते जुने आहे. १८९५ साली फ्रँकफर्टचे शस्त्रवैद्य लुडविग रेन यांनी फुक्सिन हा रंग तयार करणाऱ्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचे दाखवून दिले. पुढे दोषी द्रव्ये सापडली: बीटा-नॅप्थिलअमाइन आणि बेन्झिडीन. ती श्वासावाटे व कातडीतून शरीरात शिरतात. त्यांचे अंश मूत्रात उतरतात आणि मूत्राशयात तासन् तास साचून राहतात. विषाचा मुक्काम जेथे, रोगाचे घरही तेथेच. तो उमटतो मात्र पंधरा-वीस वर्षांनी वा त्याहूनही उशिरा. तोवर कामगार निवृत्त झालेला असतो किंवा गिरणीच बंद पडलेली असते. मग भरपाई मागावी कोणाकडे? आपल्याकडे बेन्झिडीनपासून बनणाऱ्या रंगांवर पुढे बंदी आली. परंतु विडी-सिगारेटच्या धुरातही याच जातीची द्रव्ये असतात. म्हणून रंगखात्याची पायरी न चढलेला माणूसही सुटत नाही.

खूण एकच ध्यानात ठेवावी. लघवीतून रक्त जाते आणि दुखत मात्र काहीच नाही. दोन दिवसांनी ते आपोआप थांबते, आणि माणूस 'उष्णता झाली होती' म्हणून कामाला लागतो. येथेच घात होतो.

मूत्राशय ही एक पिशवी आहे. आत नाजूक अस्तर, त्याबाहेर स्नायूंची भिंत. गाठ अस्तरापुरती असेल तर मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ती खरवडून काढता येते. पोट फाडावे लागत नाही. पण ती पुनःपुन्हा उगवते. १९७६ साली कॅनडाचे अल्वारो मोरालेस यांनी क्षयाची बीसीजी लस थेट मूत्राशयात सोडून शरीराची प्रतिकारशक्ती तेथे जागी करण्याचा उपाय मांडला. आजही तो रूढ आहे. गाठ स्नायूत उतरली, तर मात्र बहुधा सबंध मूत्राशयच काढावा लागतो.

या दोन्ही प्रश्नांवर आपल्याच परळात काम झाले आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयातील शस्त्रवैद्य डॉ. जगदीश कुलकर्णी यांनी सहकाऱ्यांसह मूत्राशय काढण्याची एक वेगळी वाट १९९९ साली प्रसिद्ध केली. आतड्यांभोवती उदरावरणाचा पडदा असतो. तो आरंभीच न उघडता, त्याच्या बाहेरून शस्त्रक्रियेचा मोठा भाग उरकावयाचा, अशी ही रीत. आतड्यांची हाताळणी कमी, म्हणून ती लवकर कामाला लागावीत, हा त्यामागील हिशेब. उग्र जातीच्या, परंतु स्नायूत न उतरलेल्या गाठींवर बीसीजीच्या डॅनिश वाणाचा काय परिणाम होतो, हे त्यांनी २००२ साली मांडले. आणि २००३ साली आतड्याच्या तुकड्यातून रचलेल्या नव्या मूत्राशयाचा दीर्घकालीन अनुभव.

हा शेवटचा विषय आम्हांस सर्वांत जवळचा वाटतो. मूत्राशय गेल्यावर मूत्र जाणार कोठून? जुनी सोय अशी, की आतड्याच्या छोट्या नळीतून ते पोटावरील छिद्राद्वारे बाहेरच्या पिशवीत सोडावयाचे. त्याने जीव वाचतो, संसारही चालतो. पण दाटीवाटीच्या चाळीत, सामायिक मोरीपाशी, लोकलच्या गर्दीत ती पिशवी सांभाळणे सोपे नाही. नव्या मूत्राशयात मूत्र नैसर्गिक मार्गानेच जाते. मात्र तेथे पूर्वीची जाणीव नसते. घड्याळ पाहून, पोटावर जोर देऊन लघवी करावी लागते, आणि रात्री कपडे ओले होण्याचा त्रास काहींना राहतो. ही सोय प्रत्येकास मानवतेच असे नाही. मूत्रपिंडे धड हवीत, मूत्रमार्ग रोगमुक्त हवा.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याने संकोच सोडून तीन प्रश्न विचारावेत: गाठ स्नायूत गेली आहे काय? मूत्राशय वाचविता येईल काय? न वाचल्यास कोणती सोय मला झेपेल? आणि आयुष्यात कोणते काम केले, कोणती द्रव्ये हाताळली, हे डॉक्टरांनी न विचारताही सांगावे. संशोधकाने वर्षानुवर्षे खपून वाट मोकळी केली, तरी त्या वाटेवर वेळेवर पाऊल टाकणे आपल्याच हाती आहे. एकदाच रक्त दिसले, तरी त्या दिवसाची मजुरी बुडवावी आणि रुग्णालय गाठावे.